शेऱ्याचा रकाना

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कोणी शहाणपण शिकवायला यायला नको. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची सगळ्यात जास्त टिंगल आमच्या ऑफिसात मीच करायचो. जंगलाच्या रस्त्यावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणणाऱ्या ड्रायव्हरला मी चारचौघांत विचारलं होतं, "किती घेतली होती?" आजही कोणी घुमायला लागलं की मी उठून जातो. तरी हे लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. मी चंद्रपूरला मच्छीमार संस्थांच्या एका संघात कॉम्प्युटरचं काम बघायचो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सगळं. त्या वर्षी वरून फर्मान आलं — सगळं रेकॉर्ड ऑनलाइन करा. पुण्याहून एक कन्सल्टंट आला. त्याने फळ्यावर ढग काढला आणि म्हणाला, तुमची रजिस्टरं आता इथे, क्लाऊडमध्ये. भिजणार नाहीत, जळणार नाहीत, वाळवी लागणार नाही. आम्ही माना डोलावल्या. प्लॅन करायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगतो, मी फुशारलो होतो.

तलावांची रजिस्टरं लटारूभाऊंच्या ताब्यात असायची. संघाचे जुने कारकून, राहणारे नागभीडचे. आमच्याकडे तलाव ठरावीक वर्षांसाठी संस्थांना मिळतात. संस्था बदलली की नव्या गावचे लोक परक्या पाण्यात उतरतात. म्हणून पद्धत अशी, की पहिलं जाळं टाकायच्या आधी लटारूभाऊ पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून त्या तलावाचं पान मोठ्याने वाचायचे, जरा नाकातून, शाळेतल्या प्रार्थनेसारखं लांबवत. शेवटचा रकाना शेऱ्याचा. कुठे गाळ आहे, कुठे बुडालेलं खोड, कुठे खड्डा. ते ऐकल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालायचा नाही.

तो रकाना मी काढून टाकला. पुण्यातल्या टायपिंगवाल्यांना लटारूभाऊंचं अक्षर लागेना, भाषा कळेना. फॉर्ममध्ये जागा वाढवायची तर कन्सल्टंट म्हणे, फेज टूमध्ये बघू. डेडलाइन डोक्यावर होती. मी शेऱ्यावर लाल रेघ मारली... एकही पान न वाचता.

लटारूभाऊ माझ्या टेबलाशी आले. "साहेब, बाकीचं जाऊ द्या, शेरा राहू द्या नं जी."

"सिस्टिममध्ये बसत नाही तो, भाऊ."

"मंग सिस्टिम मोठी करा. तलाव कसा लहान करता?"

मी हसलो. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा हसलो. महिनाभरात रजिस्टरं रद्दीत गेली, लटारूभाऊ रिटायर झाले, आणि पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी भेटायलाही गेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका तलावावर पहिलं जाळं पडणार होतं. तलाव नव्या संस्थेला मिळालेला. आधीच्या गावचे लोक रुसलेले, त्यांच्यातलं कोणी फिरकलंच नाही. नागपूरहून आमचे मोठे साहेब आले होते, सोबत फोटोग्राफर. मला लॅपटॉपवर तलावाचं ऑनलाइन पान उघडून दाखवायचं होतं. सकाळचे नऊ-साडेनऊ. लख्ख ऊन.

नेटवर्कचं नाव नाही. डेटाकार्ड वर धरून मी पाळीवर इकडून तिकडे फिरत होतो. जाळ्याचं एक टोक धरलेला देवाजी गालातल्या गालात हसत होता. तिशीतला माणूस, बायको शेवंता काठावर टोपल्या लावून बसलेली.

"याच्यात पाणी बी दिसते का जी?" त्याने विचारलं.

"सगळं दिसतं. रेंज येऊ दे."

"वाचा नं मंग. वाचल्याबिगर आमी उतरत नाई."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चला हो, किती वेळ?"

आणि मला ऐकू आलं. माझ्या डाव्या कानाशी, हातभर अंतरावरून. नाकातला, लांबवलेला आवाज — "सांडव्याकडचा कोपरा. सांडव्यापासून वीस पावलं. मुरूम नेला आहे. दोन पुरुष खोल. जाळं घेऊन जाऊ नये."

मी वळून पाहिलं. डावीकडे नुसती पाळ होती आणि पळसाचं झाड. पानसुद्धा हलत नव्हतं. पुन्हा तेच, पहिल्या शब्दापासून, तितक्याच सावकाश.

"कोणी बोललं का?" मी साहेबांना विचारलं.

"काय?"

"काही नाही, सर."

वीस-बावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणू शकत होतो, तो कोपरा सोडा. काय लागत होतं त्याला? कशावरून म्हणता असं साहेबांनी विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो? टिंगल करणाऱ्याला टिंगलीचीच भीती जास्त. आणि मी म्हणालो, "उतरा."

वाचन झालं नव्हतं, तरी माझ्या शब्दावर ते उतरले. छातीभर पाण्यातून जाळं ओढत गोलाकार सांडव्याकडे गेले. टोकाला देवाजी. एका पावलाला होता, पुढच्या पावलाला नव्हता. बाकीच्यांना वाटलं मासोळी लागली, त्यांनी जोर लावून ओढलं, आणि जाळं त्याच्याच अंगाभोवती गुंडाळलं गेलं. बाहेर काढायला अर्धा तास लागला. शेवंताचा तो आवाज... तो मी लिहीत नाही.

नंतर खड्डा मोजला. सांडव्यापासून वीस पावलं. चंद्रपूरला येऊन मी सर्व्हरवर ते पान उघडलं. झटक्यात उघडलं, सगळे रकाने भरलेले, कुठेही चूक नाही. मोठ्या साहेबांच्या रिपोर्टात आमचं काम यशस्वी ठरलं आणि देवाजी 'अपघात' ठरला. थू त्या रिपोर्टावर. त्यावर सही माझीही आहे.

नागभीडला गेलो. लटारूभाऊ खाटेवर. सून म्हणाली, "सात-आठ महिन्यांपासून एक शबद नाई निंगाला जी त्यायच्या तोंडातून." त्या सकाळी ते घरीच होते, तिने हाताने पेज भरवली होती. मी खाटेशी बसलो. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. विचारायची हिंमत झाली नाही.

तुम्ही म्हणाल, कधीतरी वाचलेलं आठवलं असेल, मेंदूचे खेळ असतात. अहो, वाचलं असतं तर रडणं कशाचं होतं? त्या तलावावर मी आधी कधी गेलो नव्हतो. तो आवाज कुठून आला, मलाच का आला, दुसऱ्या कोणाला आला असता तर देवाजी वाचला असता का — इतक्या वर्षांत कशाचाच पत्ता लागलेला नाही.

तेरवीला मी गेलो होतो. शेवंताबाई बाहेर आली, पदर सावरून समोर उभी राहिली.

"साहेब, खरं सांगा जी. तिथी खड्डा हाय, हे तुमाले मालूम होतं का?"

"नाही, बाई," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मंग तुमचा काय दोस जी. बसा, जेवून जा." आणि माझ्यासाठी पान मांडलं.

मी जेवलो.