कागद आडगावात जांभळा झाला

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. हवेतला ओझोन, म्हणजे जमिनीजवळ विषारी ठरणारा वायू, लागला की जांभळे होणारे कागद मी घरीच बनवले, साबुदाण्याच्या खळीत आयोडाइड घालून. हा ओझोन सोडणारा चोर कारखान्यातच सापडणार, या खात्रीने ते आठवडाभर सातपूरला कारखान्यांच्या फाटकांवर टांगले. ढिम्म! एकही रंगला नाही. चिडून उरलेला एक कागद मावशीच्या आडगावच्या द्राक्षबागेत लटकवला.

दुपारी तीनला पाहतो तर गर्द जांभळा! मी बागेतच उड्या मारल्या. ओझोन धुराड्यातून निघतच नव्हता. कारखान्यांच्या वाफा आणि गाड्यांचा धूर वाऱ्यावर शहर ओलांडायचे, वाटेत उन्हात त्यांचा ओझोन व्हायचा आणि तो इथे मावशीच्या वेलींवर उतरायचा.

दुपारी डोळे चुरचुरतात, पानांवर तपकिरी ठिपके पडतात, असं मावशी दोन वर्षं सांगत होती. मी म्हणायचो, तू वेलींवर गंधक मारतेस, त्याचंच ते. खरं तर ते सगळं ओझोनचंच होतं.

तिच्यापुढे कागद नाचवत मी ओरडलो, "मावशी, सापडला!"

तिने पदराने डोळे पुसले. "दोन वर्षं माझे डोळे लाल होतात, ते नाय दिसले तुला. कागद बरा लगेच दिसला!"