सावंत साहेबांना आमची भाषा कशी आली

जिनिंगमधल्या गोष्टी कापसासारख्या. एक पुंजका ओढा, मागून दहा येतात! वारंगा फाट्याजवळच्या जिनिंगात, म्हंजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी बायांची मुकादम होते. शाळेत एक दिवस गेले नाही. बांधलेल्या कापसाच्या गठाणींवरचे शिक्के वाचत अक्षरं शिकले. म्हणून हे मीच लिहिणार. दुसरा कोणी चुका करील.

नव्वद सालाकडची गोष्ट. सावंत साहेब कोकणातून मॅनेजर म्हणून आले. आधीचे तीन मॅनेजर नुसते ओरडायचे, अन् बाया अर्ध्या हंगामात काम सोडायच्या. शेठनं माझ्यादेखत बजावलं, "सावंत, बाया टिकल्या तर तुम्ही टिकाल. नाहीतर बॅग भरा!"

*

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "उद्या सातला या."

मी विचारलं, "काहून?"

"मेन गेटमधून!"

बाया हसून लोळल्या. साहेबांना वाटलं, मी 'कुठून' विचारलं! मी म्हणलं, "साहेब, काहून म्हंजे कशापायी." दुसरा चिडला असता. यांनी डायरीत शब्द लिहून घेतला, अन् मग कारणही सांगितलं, "कापसाच्या गाड्या लवकर येणार आहेत." सातला सगळ्या हजर!

*

भिंतीवर पाटी होती: 'धूम्रपान निषिद्ध'. तिच्याखालीच गडी बिड्या ओढायचे.

"तुम्हाला वाचता येतं ना?" साहेबांनी मला विचारलं.

"येतं. पण निषिद्ध म्हंजे काय, दुकानाचं नाव हाय का?"

साहेबांनी खडू माझ्या हातात दिला. मी लिहिलं, 'बिडी पेटवाल तर जिनिंग पेटंल.' बिड्या बंद! मग शेठ सिगारेट ओढत आले अन् म्हणाले, "हे बिडीबद्दल आहे."

साहेबांनी मला पुन्हा खडू दिला. मी खाली लिहिलं, 'सिगारेट बी बिडीच.'

*

तांड्यावरची शेवंता मशीनीत कापूस टाकत होती. मशीन भरली तशी साहेब म्हणाले, "बस, बस!" शेवंता टोपल्यासकट खाली बसली!

साहेबही तिच्यासमोर कापसावर बसले. "बसलोच आहोत, तर काय तकलीफ आहे ते सांगा."

"पाण्याचा माठ गड्यांच्या बाजूला हाय. आमी दिवसभर तहानलेल्या राहतो."

दुसऱ्या दिवशी बायांसाठी वेगळा माठ आला.

*

अन् असा माणूस एकदा घसरलाच. ओला कापूस कोरड्यात मिसळला म्हणून सगळ्यांदेखत शेवंतावर ओरडला. मिसळला होता गाडीवाल्यानं! शेवंतानं टोपलं टाकलं, तिच्यामागं चाळीस बायांनी टाकलं. आमी फाटकाकडं निघालो, तर समोरून शेठची जीप आत आली.

साहेबांना गाडीवाल्याचं कळलं. ते धावत आले. "शेवंताबाईंना ऑफिसात बोलवा, मी माफी मागतो."

मी म्हणलं, "ऑफिसात न्हाई. जिथं ओरडले, तिथंच मागा."

सगळे परत आत आलो. मागं शेठ. रिकामी मशीन खडखडत होती. साहेब हळूच बोलले, "चुकलो."

शेवंता म्हणाली, "ऐकू न्हाई आलं."

"मशीनचा आवाज आहे हो!"

"मघाशी बी व्हता. तवा तर बराबर ऐकू आलं!"

साहेबांनी स्वतः जाऊन मशीन बंद केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "शेवंताबाई, चुकलं माझं."

शेवंतानं पदर खोचला, टोपलं उचललं. "मंग मशीन काहून बंद ठेवली? चालू करा!"