चाकणला माझ्याआधी गेलेली

१. मंगळवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी पिंपरीच्या औषध कारखान्यात माझ्या टेबलाशी होते. शेजारी काम करणाऱ्या दोघींनी मला तिथे पाहिले आहे.
२. मंगळवारीच माझ्यासारखी दिसणारी एक मुलगी एसटीने चाकणला गेली.
३. बुधवारी मी गेले.
४. सोनाबाईंनी शपथेवर माझी ओळख द्यायला नकार दिला.
५. ती ओळख मिळाली नाही, तर कायद्याच्या वर्गातली माझी जागा जाईल.

या सदरात सहलींची वर्णने येतात, म्हणून वाटेची माहितीही देते आहे. ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी जाण्याचे कारण. मी सूक्ष्मजंतुशास्त्राची पदवीधर. औषधासाठी वाढवलेल्या बुरशीत दुसरी कोणती शिरली आहे का, हे तपासणे माझे काम. यंदा पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या कायद्याच्या वर्गासाठी मी अर्ज केला. जागा थोड्या होत्या, म्हणून आधी लेखी चाचणी आणि मग तोंडी. लेखीची तयारी मी कामावरून आल्यावर करत असे. पेपर बरा गेला, पण शेवटचा प्रश्न वेळेअभावी लिहायचा राहिला. तोंडीच्या वेळी प्राध्यापकांनी नेमके त्याच उत्तराचे कौतुक केले.

"तो प्रश्न मी सोडवलेला नाही," मी म्हणाले.

ते हसले. "मुली, वकिलीत एवढा विनय चालत नाही." त्यांनी उत्तरपत्रिका उचलून लांबून दाखवली. शेवटचे पान भरलेले होते. अक्षर माझे होते. मला ते वाचायला मिळाले नाही.

प्रवेशाला आता एकच कागद कमी होता. माझे जन्मनाव ठकू. आई गेल्यावर मामांनी पुण्याला आणून शाळेत घातले, तेव्हा सुमन झाले. ठकू आणि सुमन एकच, असे खेडच्या मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगणारे माणूस हवे होते. मामा आता नाहीत. राहिल्या आमच्या गावच्या सुईण सोनाबाई. माझा जन्म त्यांच्याच हातून झाला. मी पुण्याला आल्यावरही त्या दर दिवाळीला मला पाहायला येत. गेली दोन वर्षे मात्र पाय दुखतात म्हणून आल्या नव्हत्या. बुधवारी येते, असे मी त्यांना कळवले होते.

पिंपरीहून भोसरीपर्यंत मी सायकलने गेले. रस्ता कच्चा आहे, पण सकाळी वारा पाठीशी असतो. भोसरीला सायकल ओळखीच्या दुकानात ठेवून नाशिक रस्त्याची एसटी धरली. गाडीत पुढे बसावे; मागे धूळ फार येते. कंडक्टरने मला पाहून पंच वाजवला.

"काय बाई, चाकणला जमीन-बिमीन घेतली काय? काल पण चाकण, आज पण चाकण."

"काल मी नव्हते."

"बरं, नव्हता," तो म्हणाला आणि मागच्यांकडे बघून हसला.

मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल लागतो. तिथून चाकणपर्यंत दोन्ही बाजूंना रिकामी, नांगरलेली शेते होती. मी पुराव्याच्या कायद्याचे पुस्तक उघडले होते, पण वाचले काही नाही.

चाकणच्या स्टँडसमोर एक हॉटेल आहे. मिसळ तिखट पण ताजी असते, आणि बायकांना बसायला आतल्या बाजूला बाक आहे. मी बसले. काही मागायच्या आत मालकाने चहा आणून ठेवला.

"बिनसाखरेचा. कालच्यासारखा."

मी चहात साखर घेत नाही. तो मी पिऊन टाकला.

कांद्याच्या वखारी मागे टाकल्या की भामा नदीकडे गाडीवाट जाते. तासाभराची चाल आहे. पाणी बरोबर घ्यावे, वाटेत एकच विहीर आहे. धुळीत चपलांचे ठसे होते. मी माझी चप्पल त्यातल्या एकावर ठेवून पाहिली. टाचेला झिजलेला कोपरासुद्धा जुळला. ठसे गावाकडे जाणारे होते. परतीचे शोधले, ते दिसले नाहीत. वाऱ्याने पुसले असतील, असे मी धरून चालले. पण मग जातानाचे का पुसले नाहीत, हे मला सांगता येत नाही.

सोनाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"परत आलीस, ठकू? कागुद इसरलीस व्हय?"

"सोनाबाई, मी आजच येते आहे."

"मंग काल कोन आलं? हितंच बसलीस. ठेचा खाऊन डोळं पुसलंस."

आतून त्यांची सून हसली. "आत्याबाई, उन्हानं झालंय तुमाला."

"तू गप. चा तूच केलास न्हवं तिला?"

सून दारात आली. तिने माझ्याकडे नीट पाहिले, आणि मग हसली नाही.

सोनाबाईंनी माझा डावा हात ओढून घेतला. मनगटावर ॲसिडने भाजल्याचा डाग आहे, गेल्या वर्षीचा. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"ह्ये काल न्हवतं."

"काल आलेली काय म्हणाली?"

"म्हनली, माज्या मागनं येक येईल. तिला वळख देऊ नगंस. शेवटचं उत्तर मी लिवलंय, जागा माजी हाय."

शेवटच्या उत्तराविषयी मी प्राध्यापकांशिवाय कुणापाशीही बोलले नव्हते.

"मग तुम्हीच सांगा, खरी कोणती?"

"दोगींचं बी डोळं तुज्या आयचं हाईत. येकीला वळख दिली आन् दुसरी खरी निगाली तर? शपत हाय ती, शेंगा न्हाईत. दोगी येकदम या. समोरासमोर बसा. मंग अंगठा देते."

"आणि ती आली नाही तर?"

"तर तू बी येऊ नगंस," त्या म्हणाल्या, आणि पदरात बांधून शेंगा दिल्या.

परतीला तोच कंडक्टर भेटला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. तिकीट फाडताना हळूच म्हणाला, "काल शेवटच्या गाडीला तुमच्यासाठी थांबलो होतो, बाई. तुम्ही परत आलाच नाहीत."

आता खोलीत बसून हे लिहिते आहे. शेंगा टेबलावर आहेत. त्यांना हात लावावासा वाटत नाही. मनगटावरचा डाग मात्र सारखा चाचपते. आजवर तो झाकत आले, आणि तोच आता माझ्या बाजूने आहे.

महाविद्यालयाने पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. माझ्या विनंतीवरून उत्तरपत्रिका पाकिटात घालून लाखेने बंद केली आहे. शेवटचे उत्तर मी वाचलेले नाही. ज्याने लिहिले, त्यालाच ते ठाऊक असणार.

हा अंक रविवारी निघतो. मंगळवारी चाकणला गेलेल्या मुलीने तो वाचला, तर त्या उत्तराचे पहिले वाक्य लिहून संपादकांकडे पाठवावे. पाकीट दोघींसमोर उघडले जाईल. वाक्य जुळले, तर जागेवर मी हक्क सांगणार नाही. सोनाबाईंकडे मात्र दोघींनी बरोबर जायचे. उत्तर गुरुवारपर्यंत यावे.