साहेब आहेत

आमच्या दवाखान्यात किस्से लय साठतात, कारण पेशंट बोलत नाही आणि मालक थांबत नाही! मी नागपुरात, धंतोलीत, जनावरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. आजूबाजूला सगळी माणसांची हॉस्पिटलं, मधात आमचा एक गाळा. अकरा वर्षं कुत्री-मांजरं पाहिली, पण डोक्याचा भुगा केला तो सशांनी.

झालं असं की शहरात दोन-तीन घरचे पाळीव ससे एकाएकी मेले. आमच्या डॉक्टर मॅडमना संशय आला. सशांचा एक जीवघेणा विषाणू असतो, जंगली असो की पाळीव, कोणालाच सोडत नाही. त्याच्यावर औषध नाही, आणि लस नागपुरात मिळेना. सशांच्या सगळ्या मालकांना सावध करायचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं.

"लक्षणं काय सांगू?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा लक्षणच दिसत नाही. ससा चांगला असतो आणि एकदम जातो."

आता हे लोकांना कसं सांगायचं, तुम्हीच सांगा! तरी सांगितलं. अर्ध्या तासात एकाचा फोन, घाबरलेला आवाज. "ताई, माझा ससा मस्त खाऊन राहिला, उड्या मारून राहिला. लय सिरीयस आहे का हो?"

*

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ फोनवर.

"हा रोग माणसाले होते का?"

"नाही."

"कुत्र्याले?"

"नाही."

"मांजरीले? गाईले?"

"नाही हो भाऊ, फक्त सशाले!"

"पण आमच्याकडे ससा नाही."

"मग फोन काहून केला?"

"भीती वाटून राहिली ना, बाई!"

मी त्यांना अंगावर पांघरूण घेऊन झोपायला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

*

मग नरखेडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या संत्र्याच्या बगिच्यात जंगली ससा मरून पडला होता. मॅडम फोनवर ओरडल्याच, "हात लावू नका!"

दोन तासांनी तेच भाऊ मोटरसायकलवर दारात हजर, मागे संत्र्याचा क्रेट, क्रेटमध्ये ससा! मॅडमना घाम फुटला.

"अहो, हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"नाही लावला मॅडम! फावड्यानं भरला!"

झालं. त्या भाऊंचे बूट धुवा, गाडी धुवा, क्रेट धुवा, आमचं अंगण धुवा. मग मी एका सरकारी ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, जंगली आहे, आमच्याकडे नाही. दुसऱ्या ऑफिसात केला. ते म्हणाले, रोग आहे ना, मग पहिल्यांना विचारा. शेवटी कशीबशी परवानगी मिळाली आणि नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, 'नमुना अपुरा.'

"म्हणजे तोच रोग आहे की नाही?" मी विचारलं.

"म्हणजे आपल्याला माहीत नाही."

"मॅडम, हे तर आपल्याले आठ दिवसांआधीच माहीत होतं!"

*

शेवटी मॅडमनी डोकं चालवलं. कळण्यासारखं एकच आहे ना, ससा जिवंत आहे की नाही? मग रोज सकाळी तेवढंच विचारायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. मालकाने उठून पिंजऱ्यात बघायचं आणि 'आहे' लिहायचं. मी दवाखान्याच्या भिंतीवर नावांचा तक्ता लावला आणि रोज नावापुढे टिक मारायला लागले. मॅडमनी बजावलं, "खरं तेच लिही. तक्ता खोटा निघाला तर सगळं पाण्यात."

पहिल्याच दिवशी एकाने गुलाबाचं फूल पाठवलं, गुड मॉर्निंग! मी फोन केला, "भाऊ, फूल पोचलं. ससा?"

"आहे ना ताई, म्हणून तर फूल पाठवलं!"

एका बाईंनी लिहिलं, "सात आहेत." आदल्या दिवशी दोन होते! दुकानदाराने म्हणे दोन्ही नर म्हणून दिले होते. आता मी तक्त्यात कुठं कुठं टिक मारू?

पण रोज पहिला नंबर कोराडीच्या ढोबळे काकांचा. काका वीज केंद्रातून रिटायर झालेले, घरी एकटे. सशाचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. "जन्मभर साहेबाचं ऐकलं, आता साहेब माझं ऐकते!" म्हणायचे. नोकरीत दर तासाला रीडिंग लिहायची सवय, त्यामुळे ठीक सहाला ग्रुपवर मेसेज, "साहेब आहेत."

आणि दोन मिनिटांनी मानेवाड्याच्या आर्वीचा, "बर्फी आहे." पोरगी तिसरीत. सुरुवातीला मेले त्या सशांत तिच्या बर्फीचा जोडीदार होता. सकाळी पिंजऱ्यावरची चादर हिनेच काढली आणि हिनेच त्याला पाहिलं. त्याच पिंजऱ्यातली बर्फी कशी वाचली, ते मॅडमनाही कळलं नाही.

*

तीन आठवडे गेले. तक्त्यात सगळ्यांपुढे टिक! मॅडम खूश. "चल, ढोबळे काकांच्या साहेबांना बक्षीस देऊन येऊ." वाळलेल्या गवताचं पाकीट घेतलं, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, आणि भर दुपारी कोराडीला पोचलो.

काकांनी दार उघडलं. अंगणात पिंजरा धुऊन पालथा घातलेला होता.

"साहेब कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"ते चौथ्या दिवशीच गेले."

माझं डोकंच फिरलं. "काका! मग रोज 'साहेब आहेत' काहून लिहून राहिले? मी तिकडे टिक मारून राहिली!"

"खोल खड्डा केला, चुना टाकला, सगळं धुतलं. ससा आहे अशा कोण्या घरी गेलो नाही, बाई. चुकी एवढीच केली," म्हणत त्यांनी फोन पुढे केला.

आर्वीचे आवाजातले मेसेज होते. रोज पावणेसहाला एक. काकांनी चौथ्या दिवसाचा लावला. "आजोबा, साहेब आहेत ना? तुम्ही सांगितलं की मग मी चादर काढते."

"साहेब तेव्हा माझ्या मांडीवर पडले होते," काका म्हणाले. "काय सांगणार होतो मी तिले?"

मॅडमनी पर्समधली डायरी काढली, खरी तारीख लिहून घेतली आणि गवताचं पाकीट परत पिशवीत ठेवलं. येताना गाडीवर मला रागही येत होता आणि रडूही, आणि नेमकं कोणावर चिडायचं तेच समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक सहाला मेसेज आला. दोन मिनिटांनी आर्वीचाही आला.

दहा वाजता मी पेन घेऊन तक्त्यासमोर उभी. मॅडम एका कुत्र्याला इंजेक्शन देत होत्या.

"मॅडम, ढोबळे काकांच्या नावापुढे काय करू?"

"काय लिहिलंय त्यांनी?"

"साहेब आहेत."

"मग? मार टिक."