वीणेचा पहारा

देवाशी अबोला धरता येतो का हो? माणसाशी येतो. जावेशी येतो, नवऱ्याशी तर उठताबसता येतो. पण देव काही समोर येऊन "का गं, बोलत का नाहीस?" असं विचारत नाही. त्यामुळं आपला अबोला त्याला कळला तरी की नाही, हेच आपल्याला कळत नाही. मी धरला होता. एका चैत्रापासून दुसऱ्या चैत्रापर्यंत चांगला वर्षभर निभावला. तो कसा सुटला ते आज सांगते, कारण परवा दुपारी रेडिओवर कुणी बाई नुसत्या तंबोऱ्यावर गात होत्या आणि माझ्या हातातलं पुस्तक आपोआप मिटलं गेलं. गाणं काय होतं ते आता आठवतही नाही. मागं चाललेली ती तार तेवढी कानात राहिली, आणि नाकाला ओल्या शेणसड्याचा आणि गुळाचा वास आला.

माझं माहेर रहिमतपूरचं, पेठेचं गाव. सासर कडेगावच्या अंगाला, उसाच्या रानात. तेव्हा आमचा सगळा मुलूख साताऱ्यातच मोडायचा. सांगली म्हणजे राजेसाहेबांचं संस्थान, तिथं गणपती बघायला जायचं आणि येताना हळद आणायची. लढाईचे दिवस होते. घरटी कुणी ना कुणी पलटणीत गेलेलं, रॉकेलची मारामार, त्यामुळं दिवे लवकर मालवायचे आणि पहाटे अंधारातच जाती सुरू व्हायची. शाळेची पायरी मी चढलेली नाही. पण गळा होता. जात्यावर बसले की गल्ली ऐकायची, असं लोक म्हणायचे. मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर बसून खुंट्याला हात लावायच्या आणि एक ओवी संपली की डोळे मिटूनच म्हणायच्या, "हं, फुडं?" त्यांना दळायचं कमी आणि ऐकायचं जास्त असायचं.

माझी पहिली मुलगी चिमी. नुकती चालायला लागली होती. चालायची कशी, तर माझ्या लुगड्याच्या निऱ्या मुठीत धरून माझ्यामागं. चुलीपासून पाण्याच्या रांजणापर्यंत, रांजणापासून गोठ्यापर्यंत. मी थांबले की ती माझ्या पायावर आपटायची आणि हसायची. चैत्रात उन्हं तापायला लागली आणि तिला ताप भरला. वैद्य झाले, अंगारा झाला. मी तिला मांडीवर घेऊन जेवढ्या येत होत्या तेवढ्या ओव्या म्हटल्या, आणि येत नव्हत्या त्या नव्या रचल्या. सगळ्या देवाला उद्देशून. गळा सुकला तरी थांबले नाही, कारण मला वाटत होतं, मी गाते आहे तोवर ही राहील. ती राहिली नाही.

मग मी ठरवलं, याच्याशी बोलायचं नाही. ठरवलं म्हणजे काय, घशातून आवाजच येईना. दळण करायची, पण मुक्यानं. नुसती दगडाची घरघर. शेजारची म्हातारी एकदा भिंतीपलीकडून ओरडली, "काय गं, तुमच्यात जातं फिरतंय का मांजर गुरगुरतंय? गाणं न्हाई, काय न्हाई!" आत्याबाई कुठल्या ऐकून घेतायत. म्हणाल्या, "माज्या सुनंचा गळा बसलाय. तुजा कवा बसतोय त्याची गल्ली वाट बघतीया!" मला मात्र त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. "देवळात चल" नाही, "हात जोड" नाही. समोर बसायच्या, खुंट्याला हात लावायच्या आणि डोळे मिटायच्या. "हं, फुडं?" तेवढं म्हणायच्या राहिल्या होत्या.

वर्ष फिरलं. मारुतीच्या देवळात सप्ता बसला. आमच्याकडं सप्त्याची रीत अशी, की एकदा वीणा गळ्यात घातली की सप्ता उठेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याचा पहारा असेल त्यानं उभं राहायचं, येरझाऱ्या घालायच्या, तार छेडत नाम घ्यायचं. वीणा गळ्यात असताना नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि वीणा घेऊन देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही. वीणा टेकली किंवा नाम थांबलं, की सप्ता मोडला, म्हणजे गावाला वर्षभराचं अशुभ. बायकांनी वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, लांबून. वीणा बायकांच्या हातात तेव्हा देत नसत.

त्या दुपारी पहारा आमच्या तात्यांचा होता. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. वय झालेलं, त्यात सप्त्याचा उपास. गुऱ्हाळं संपत आलेली, तेव्हा सगळी कर्ती माणसं रानात. आत्याबाई मला म्हणाल्या, "तात्यास्नी ताक देऊन ये. आत जाऊ नगंस वाटलं तर. पायरीवर ठेव न् ये." त्यांना माझा अबोला ठाऊक होता, म्हणून ती पायरी. मी डोईवर पदर ओढून ताकाचा तांब्या घेऊन गेले. देवळात तात्या एकटेच. पुढचा पहारा दामूअण्णाचा. तो अजून आला नव्हता, आणि तात्या स्वतःची वेळ उलटून गेल्यावरही उभेच होते. चेहरा पांढराफटक, ओठ हलताहेत पण आवाज खोल गेलेला. मी तांब्या पायरीवर ठेवला आणि वळणार, तोच त्यांचा गुडघा दुमडला. खांबाला धरून ते सावरले, मला हातानं जवळ बोलावलं. सासऱ्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती, तरी जवळ गेले. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि माझ्या डोक्यावरून, पदरावरूनच, खाली सोडला. म्हणाले, "पोरी, धर. टेकू दिऊ नगंस." आणि खांबाशी घसरत जमिनीवर बसले, मग कलंडले.

झालं. मी, माझ्या गळ्यात वीणा, आणि पायाशी डोळे फिरवलेला म्हातारा माणूस. वाकून पाणी पाजावं तर वीणा टेकते. बाहेर धावावं तर उंबरा आडवा. हाक मारावी तर नामाशिवाय शब्द काढायचा नाही. आणि नाम घ्यावं, तर मी ज्याच्याशी बोलत नव्हते त्याचंच. मनात काय काय आलं सांगू? आलं की, आधी पोर गेली, आता सप्ताही हिच्याच हातून मोडला म्हणतील. आलं की, तात्या इथंच गेले तर? आणि असंही आलं की, वा रे देवा, वर्षभर मी गप्प बसले ते तुला कळलं होतं तर! मला राग आला. इतका राग आला की वर्षभर बसलेला घसा फाटला आणि मी ओरडले, "विठ्ठल!" ती काही भक्ती नव्हती. कुणी दार लावून घेतल्यावर आपण कडी वाजवतो ना, तशी ती हाक होती. पुन्हा ओरडले, "विठ्ठल!" आवाज कसला, फुटक्या मडक्याचा. पण बोट आपोआप तारेवर गेलं आणि तार मात्र फुटकी नव्हती. ती खाली एकसारखी चालू राहिली, जणू म्हणत होती, तू कसंही ओरड, मी धरून आहे. हळूहळू माझा सूर तिच्याशी येऊन मिळाला.

समोरच्या भिंतीवर कुणा फिरत्या रंगाऱ्यानं विठोबा रंगवला होता. एक डोळा मोठा, एक बारका. गावातली पोरं हसायची त्याला. त्याच्याखाली गेरूनं काहीतरी लिहिलेलं, एकच आकार लागोपाठ दोनदा. मी "विठ्ठल, विठ्ठल" म्हणतेय आणि नजर त्या दोन सारख्या आकारांवरून जातेय, आणि एकदम डोक्यात उजेड पडला की अगं, हेच तर लिहिलंय तिथं! मी म्हणते तेच. माझ्या आयुष्यात मी वाचलेला तो पहिला शब्द. पुढं एकेक अक्षर मी तिथूनच सोडवत गेले. 'वि' हातात आला तसा विहिरीतला 'वि' ओळखला, 'ल' आला तसा लाडवातला. आज माझ्या उशाशी पुस्तकांची चळत असते, पण त्या सगळ्यांची मुळाक्षरं मला त्या बारक्या डोळ्याच्या विठोबानं शिकवली.

तरी तात्या तसेच पडलेले. मी नाम घेतेय, दाराकडं बघतेय. आणि दारात सावली पडली. सुया-पोत विकत गावोगाव फिरणारी एक बाई. खांद्याला झोळी, कडेवर मुलगी. उन्हानं करपलेला चेहरा. अशा बाईला देवळाची पायरीही चढू देत नसत. तिनं माझ्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं. म्हणाली, "बाई, आत येऊ का?" मला बोलता येत नव्हतं. मी मान हलवली आणि म्हणाले, "विठ्ठल, विठ्ठल." ती आत आली. मी पायरीवर ठेवलेला ताकाचा तांब्या उचलूनच आली. कडेवरची मुलगी तिनं माझ्या पायाशी उतरवली, तात्यांचं डोकं मांडीवर घेतलं, ओला हात तोंडावरून फिरवला आणि त्यांच्या ओठांत ताक सोडायला लागली. "पी बाबा, पी. असं उपाशीपोटी देव भेटतोय व्हय?" म्हणत होती. मी येरझाऱ्या घालत होते. या खांबापासून त्या खांबापर्यंत. आणि फिरताना मला जाणवलं, मागं ओढ लागतेय. वळून बघितलं. त्या मुलीनं माझ्या निऱ्या मुठीत धरल्या होत्या. मी चालले की चालत होती. मी वळायला थांबले, तशी माझ्या पायावर आपटली आणि हसली.

मी नाम थांबवलं नाही. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिला उचलून घ्यायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हात त्याच्या वीणेला गुंतलेले. तशाच आम्ही दोघी चालत राहिलो, किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

तात्यांनी डोळे उघडले. त्यांनी त्या बाईकडं बघितलं, तिच्या मांडीवरच्या आपल्या डोक्याचा विचार केला असणार, आणि मग हात जोडले. ती हसली, मुलीला कडेवर घेतलं. माझ्या निऱ्या त्या मुठीतून सुटल्या. बाहेर तिची हाळी ऐकू आली, "सुया घ्या, दाभण घ्या, पोत घ्या..." आणि मग दामूअण्णा धापा टाकत आला. माझ्या गळ्यात वीणा बघून दारातच थबकला. "आवं तात्या, हे काय? बाईमाणसाच्या गळ्यात? सप्ता मोडला की!"

तात्या खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "वीणा टेकली का रं?"

"न्हाई."

"नाम थांबलं का?"

"न्हाई. लांबनं ऐकतच आलो की."

"मग मोडला कसा? आन् तू कुठं हुतास?"

"गुऱ्हाळावर. जरा रस..."

"रस! मी हितं मराय लागलोय न् ह्यो रस पितोय! घे ती वीणा, न् पाय धर तिचं आधी."

त्यानं खरंच पाय धरले. मला हसू आलं, वर्षानं. देवळात आणखी कोण आलं होतं ते तात्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही. त्या काळात ते सांगण्यासारखं नव्हतं. आज सांगते.

घरी आले तर आत्याबाई ओट्यावर बसून एक दाभण उन्हात धरून बघत होत्या. "आत्ताच घेतलं," म्हणाल्या. "सुयावाली आली हुती. लय जास्त सांगत हुती, मी अर्ध्यावर आणलं." मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग दाभणाकडं बघून म्हणाल्या, "अगं बया! न् म्या घासाघीस केली?" पुढं कितीतरी वर्षं मी त्यांना त्यावरून चिडवत असे.

ती बाई पुन्हा दिसली नाही. म्हणजे सुया-पोतवाल्या पुष्कळ आल्या, मी प्रत्येकीच्या कडेकडं बघायची. ती कोण, हे मी कुणाशी वाद घालून ठरवलेलं नाही. सुया विकणारी बाई होती. तहानलेल्याला ताक पाजून तिच्या वाटेनं गेली. मला तेवढं पुरतं. दाभण अजून आहे. पुस्तकांच्या शिवणी उसवल्या की मी त्यानंच शिवते, आणि दोरा ओढताना प्रत्येक वेळी ती दुपार थोडी हाताला लागते.

चिमी का गेली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. अबोला धरला ते चुकलं, असंही मी म्हणणार नाही. आपल्या माणसाशीच आपण अबोला धरतो. मला एवढंच उमगलं की माझी तयारी आहे का, मन शुद्ध आहे का, राग निवळला का, हे काही न विचारता त्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली. मी फक्त ती टेकू दिली नाही. बाकीचं ज्याचं त्यानं केलं. पुढं संसारात पुष्कळ आलं आणि गेलं, आणि प्रत्येक वेळी तात्यांचं ते एक वाक्य मला पुरलं.

त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी जात्यावर बसले. आत्याबाई समोर, डोळे मिटलेले. मूठभर ज्वारी घातली, खुंटा फिरवला, आणि घशातून आलं ते तसंच म्हटलं:

गळ्यामंदी वीणा बाई, कसं घेऊ तुला कडं,
निऱ्या धरून चालू दोघी, देवाजीच्या म्होरं थोडं.

भिंतीपलीकडचं जातं थांबलं. आत्याबाईंचा हात खुंट्यावर तसाच राहिला. मग पदरानं डोळे पुसले, पुन्हा मिटले, आणि म्हणाल्या, "हं, फुडं?"