खळग्यातला हिरवा रंग

शाळेच्या हजेरीचा आलेख केला. एका क्लिकसरशी एक्सेलने रेषेखालची जागा निळी करून टाकली. दिवाळीनंतर आमच्या पाथर्डीकडची पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, तिथं रेषेला दरवर्षीचा खळगा पडलेला.

पूर्वी हा आलेख आम्ही वर्गाच्या भिंतीवर काढायचो. तेलखडूचा तो मेणकट वास बोटांना दिवसभर चिकटून असायचा. तोडीवरून परतलेल्या सुमनला एकदा मी रेषेखाली निळा रंग भरायला सांगितलं. तिनं वरचा खळगाही हिरवागार करून टाकला.

"अगं, रेषेच्या वर कशाला रंगवलंस?"

"आमी हितं हुतो की बाई. उसात."

तेव्हा मला हसू आलं होतं.

आज नुसती थकून पडद्याकडे बघत बसलेय. यंदाच्या खळग्यात सुमनची मुलगी आहे.