रिकाम्या खोल्यांचा आवाज

भुताच्या सिनेमात भूत डोळ्यांतून नाही, कानातून आत शिरतं, हे मी तीस वर्षं भेटेल त्याला ऐकवत आलो. सिनेमासाठी आवाज रेकॉर्ड करायचे आणि नंतर ते एकमेकांत मिसळून चित्राला बसवायचे, हा माझा धंदा. आमचं घर मूळचं तंजावरचं, दोन पिढ्यांपासून चेन्नईत. घरात आमची मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कामाच्या खोलीत बहुतेक वेळ तोंड बंद. हे तोंड बंद ठेवणं मला फार मानवायचं. बडबड्या माणसाला या धंद्यात जागा नाही, असंही मी वरचेवर सांगायचो आणि ते सांगताना अर्धा तास सहज बडबडायचो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे काम घेऊन आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पहिलाच सिनेमा दिग्दर्शित करत होती. सिनेमा त्या ठरावीक जातीचा होता. चार मित्र एका ओसाड इमारतीत शिरतात, मोबाइलवर आणि हातातल्या कॅमेऱ्यावर सगळं टिपत जातात आणि परत येत नाहीत. पुढे कुणाला तरी तो कॅमेरा सापडतो. आपण जे बघतो ते त्या कॅमेऱ्यातलं चित्रण, असा सगळा बनाव.

मला हे सिनेमे कधी पटले नव्हते. जीव मुठीत धरून पळणारा माणूस कॅमेरा फेकून का देत नाही, असं मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं. ती शांतपणे म्हणाली की कॅमेरा हातात आहे तोवर त्याला वाटतं, हे आपल्याला होत नाहीये, आपण नुसते बघतोय. उत्तर मला आवडलं, पण तसं मी तिला कळू दिलं नाही.

काम घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. अशा सिनेमात पार्श्वसंगीत ठेवायचं नसतं. सापडलेल्या चित्रणात व्हायोलिन कुठून येणार? दार करकरलं की वाजणारे ते ढणढणाटी सूर नाहीत, काही नाही. उरतो तो श्वास, चपलांचा आवाज, मोबाइलवरून घासत जाणारा अंगठा आणि इमारतीची शांतता. म्हणजे सगळा सिनेमा माझ्या हातात. इतकी वर्षं संगीतकारांच्या ढोलताशांखाली माझं नाजूक काम गाडलं जायचं, त्याचा सगळा राग इथे काढता येणार होता.

इमारत मिळाली ती चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. बंद पडलेलं दुमजली नर्सिंग होम. पटकथेत तिथे एक नर्स भिंतीतून हाका मारते. प्रत्यक्षात तिथला वॉचमन ऑपरेशन थिएटरच्या खिडकीत लुंगी वाळत घालायचा आणि जिन्यात शेळ्या बसायच्या. मालकाने सहापर्यंतचीच परवानगी दिली होती, त्यामुळे सिनेमातली सगळी काळोखी रात्र आम्ही खिडक्यांना काळं कापड ठोकून भर उन्हात उरकली. दुपारी भूत झालेली नटी पांढऱ्या रंगाने माखलेल्या हातांनी दहीभात खायची आणि लोणचं मागायची. घाबरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, फक्त उकाडा होता.

रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. चित्रीकरण संपलं की प्रत्येक खोलीत आम्ही एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतो. सगळे असतील तिथे पुतळ्यासारखे उभे राहतात. कुणी खाकरायचं नाही, पाय हलवायचा नाही. पुढे संवादांच्या मधल्या फटी या शांततेने भरायच्या असतात. हे एक मिनिट माझं असायचं. नट असो की निर्माता, माझा हात खाली येईपर्यंत श्वास जपून घ्यायचा. खरं सांगायचं तर मला त्यात सत्ता गाजवल्याचं सुखही मिळायचं.

त्या इमारतीत मी अशा अकरा खोल्या रेकॉर्ड केल्या. खालच्या दवाखान्यात लांबून समुद्र यायचा. बाळंतिणींच्या खोलीत पारव्यांची घुमघुम होती. आणि वरच्या मजल्यावर शेवटी एक्स-रेची खोली होती, जाड भिंतींची, बिनखिडकीची. तिथे मी हेडफोन लावले आणि थक्क झालो. काहीच नाही. ना समुद्र, ना पाखरू, ना वारा. इतकी निखळ शांतता मला तीस वर्षांत मिळाली नव्हती. मिनिट संपल्यावरही मी हात खाली आणला नाही, आणखी दोन मिनिटं सगळ्यांना उभं ठेवलं. दिग्दर्शिका तेव्हा खाली नटीचा पुढचा प्रसंग समजावत होती, तीच तेवढी सुटली.

सिनेमाची शेवटची पंधरा मिनिटं मी त्या शांततेवर उभी केली. दिग्दर्शिकेला चित्राचे रंग ठीकठाक करण्याच्या कामातून सवड नव्हती, म्हणून तो भाग मी एकट्यानेच केला. आवाजाचा आलेख हल्ली संगणकाच्या पडद्यावर दिसतो आणि नवी मंडळी त्याच्याकडे बघत काम करतात. मी त्यावर रुमाल टाकायचो. आवाज बघायचा असता तर देवाने कान कशाला दिले असते, हे माझं आणखी एक आवडतं वाक्य.

पहिला खेळ आम्ही नुंगंबाक्कममधल्या एका छोट्या थिएटरात ठेवला, दुपारी, ओळखीच्या तीसेक माणसांसाठी. निम्मे तिच्या बरोबरीचे, निम्मे आईवडील, काका, शेजारी. मी मागे बसून माणसं बघत होतो. शेवटचा भाग सुरू झाला आणि तरुण मंडळी चुळबुळायला लागली. एकाने मान आखडून घेतली, एकीने दोन्ही कानांवर हात ठेवले, एक मुलगी उठून बाहेरच गेली. पडद्यावर अजून काही घडलंही नव्हतं, कॅमेरा नुसता कॉरिडॉरमधून चालला होता. आणि तिचे काका त्याच वेळी निवांतपणे चकलीसारखे मुरुक्कू खात होते. मला वाटलं, नव्या पिढीला शांतता सोसत नाही. वाटलं काय, मी मनातल्या मनात त्यावर एक छोटं भाषणही रचलं.

दिवे लागल्यावर ती जवळजवळ धावत माझ्याकडे आली. चेहरा उजळलेला. म्हणाली की शेवटी तो जो आवाज ठेवलाय त्याने तिच्या अंगावर काटा आला, तो कसा केला?

कोणता आवाज, हे मी विचारायला हवं होतं. तेवढंच विचारायचं होतं. पण मी हसलो आणि म्हणालो, "जुनी युक्ती आहे. सांगायची नसते."

ती माझ्याकडे अशा आदराने बघत राहिली की मला तिथून लवकर निघावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो भाग घरी लावला. मला ऐकू आली ती तीच, माझी लाडकी निखळ शांतता. बायकोला बोलावलं. ती म्हणाली, यात काय आहे, काहीच तर नाही. मला धीर आला. पण तीही माझ्याच वयाची, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. तेवढ्यात माझी एकोणीस वर्षांची मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली, तोंड वाकडं करून.

"अप्पा, बंद करा की ते सत्तम. दात शिवशिवतात."

आमच्या घरात आवाजाला सत्तम म्हणतात, तमिळसारखंच. मी तिला विचारलं, कसला सत्तम? तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिला कळलं की नाही करत. ती हळू आवाजात सांगायला लागली की बारीक आहे, सुईसारखं आहे, थांबतच नाही. सांगताना ती माझ्याकडे न बघता बायकोकडे बघत होती.

मी रुमाल काढला. आलेखावर वरच्या बाजूला, तेरा हजार हर्ट्झच्या आसपास, एक सरळ बारीक रेघ होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न तुटलेली. कॅमेऱ्याच्या माणसांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी एक्स-रेच्या खोलीबाहेर दिव्यांच्या बॅटऱ्यांचा चार्जर लावलेला होता आणि तो बारीक शिटीसारखा वाजत होता. त्यांना सगळ्यांना ते ऐकू येत होतं. मग बोलला का नाहीत, असं मी चिडून विचारलं. ते म्हणाले की तुम्ही गप्प उभं राहायला सांगितलं होतं, आणि आम्हाला वाटलं तुम्हालाही ऐकू येतंय.

त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. काम सुटेल ही भीती होतीच. कमी ऐकू येणाऱ्या साउंड इंजिनियरला कोण बोलावणार? पण त्याहून वाईट विचार वेगळा होता. हे कधीपासून आहे? मागच्या किती सिनेमांत मी अशा रेघा ठेवून आलो आणि लोक माझ्या वयाचा मान राखून गप्प राहिले? ज्या निखळ शांततेचा मला एवढा अभिमान, ती त्या खोलीत नव्हतीच. ती माझ्या कानांत होती.

बायकोने अण्णा नगरमधल्या कानाच्या दवाखान्यात वेळ घेतली आणि मला मेट्रोत बसवून स्वतः बरोबर आली. तिथे काचेच्या एका छोट्या खोलीत बसवून हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. बाहेर तपासणारी मुलगी बसली होती. पहिले आवाज सोपे होते. मग ते बारीक व्हायला लागले, मग मधे मोठाली अंतरं पडायला लागली. मी मुरलेला माणूस. ती किती वेळाने आवाज सोडते याचा ठेका मला एव्हाना कळला होता. मी त्या ठेक्यावर बटण दाबू लागलो. दाबलं, थांबलो, दाबलं, थांबलो. मला खरंच वाटत होतं की काहीतरी ऐकू येतंय.

तिने दार उघडलं. जरा संकोचून, वडीलधाऱ्या माणसाला सांगावं तसं ती म्हणाली, "सार, मघापासून मी आवाज सोडलेलाच नाही."

माझे डोळे भरून आले. परीक्षेत कॉपी करताना पकडलं गेल्यासारखं वाटलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी तसं वाटणं फार वाईट असतं. डॉक्टरांनी समजावलं की काही वयाचं आहे, काही इतक्या वर्षांच्या हेडफोनचं. वरचे आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल, काळजी करू नका. बायकोने सुटकेचा श्वास सोडला. तिचं बरोबर होतं. मला मात्र त्या क्षणी माणसांच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी बायकोला सांगितलं की दिग्दर्शिकेला काही सांगायची गरज नाही, रेघ कापून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, "आणि तिने विचारलं की तो आवाज कुठे गेला?"

शेवटच्या मिश्रणाच्या दिवशी मी दिग्दर्शिकेला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. युक्ती नव्हती, चार्जर होता. मला तो ऐकू आला नाही, आजही येत नाही. तू केलेलं कौतुक मी फुकट खाल्लं. हवं तर दुसऱ्या कुणाकडून काम पुरं करून घे, मी नावं सुचवतो. हे सगळं मी घरून पाठ करून आलो होतो, तरी मधे दोनदा अडलो.

मला वाटलं, ती रागावणार. पण ती सिनेमाचाच विचार करत होती. ती म्हणाली की चार्जर असला तर असू दे, शेवटी कॅमेरा खाली पडतो तिथे तिला तो हवाच आहे. पण पंधरा मिनिटं लोकांचे कान दुखवायचे नाहीत. किती ठेवायचा, कुठून सुरू करायचा, ते मी सांगावं.

मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही. तू बस इथे."

मी उठलो आणि तिला माझ्या खुर्चीत बसवलं. कोणती पट्टी वर-खाली केली की तो आवाज कमी-जास्त होतो ते दाखवलं. आजवर त्या खुर्चीत मी कुणाला बसू दिलं नव्हतं, निर्मात्यालाही नाही. मी बाजूच्या स्टुलावर बसलो, हातांचं काय करावं कळेना म्हणून ते मांडीवर ठेवले. तिने शेवटचा प्रसंग लावला. पडद्यावर कॉरिडॉर, दार, एक्स-रेची खोली. कॅमेरा हातातून सुटतो आणि जमिनीवर आडवा पडतो, त्याच्यासमोर नुसती भिंत. तिने पट्टी हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. माझ्या कानांना काहीच कळत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, तेव्हा मी म्हटलं की इथून सुरू कर. मग तिचा जबडा आवळला, मान खांद्यांत गेली. मी म्हटलं, "बास, याच्यापुढे नको." तिने मान हलवली आणि तिथेच थांबली.

पडदा काळा झाला. खोलीत आम्ही दोघं होतो. आवाज बंद झाला, हे मला तिचे खांदे खाली आले तेव्हा कळलं.